एकटे न्यायमूर्ती खन्ना

आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येईल का? नऊ उच्च न्यायालयं ‘होय’ म्हणाली होती. सर्वोच्च न्यायालयात न्या. हंसराज खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं: पोलिसाने वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत इलाज नाही, असं उत्तर आलं.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमतात पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूडही होते, हे आजही सलतं. विरोधात एकटे खन्ना. १९७७ मध्ये त्यांना डावलून बहुमतातले न्या. बेग सरन्यायाधीश झाले; खन्नांनी राजीनामा दिला.

४४व्या घटनादुरुस्तीने जगण्याच्या हक्काला आणीबाणीतही संरक्षण दिलं. निकाल मात्र २०१७ च्या खासगीपणाच्या खटल्यातच रद्दबातल ठरला. तसं निकालपत्र लिहिलं यशवंतरावांचे पुत्र धनंजय यांनी.