बंदर हा उद्योग की नाही? न्यायमूर्ती धर्माधिकारी आणि डहाणू

मंडळी, चांदीपला बोलायचं तर उदाहरण आपल्याच पालघर जिल्ह्यातलं घेऊ, असं आम्ही ठरवलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. दादा धर्माधिकारींचे चिरंजीव. वर्ध्याच्या गांधीविचारात वाढलेले, बेचाळीसच्या चळवळीत उतरले तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचे. १९७२ ते १९८९ मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश. पण आमच्या मते त्यांचं मोठं काम निवृत्तीनंतरचं आहे.

२० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. कुठले उद्योग चालतील, कुठले नाहीत, याचे गट पाडले. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष धर्माधिकारी. आता, निवृत्त न्यायमूर्तींच्या समित्या आपण पुष्कळ पाहिल्यात. अहवाल येतो, कपाटात जातो! इथं तसं झालं नाही.

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचंच बघा. धुरातलं गंधक काढणारं संयंत्र बसवायची अट मंजुरीच्या वेळचीच, पण ते बसत नव्हतं. प्राधिकरणानं १९९९ मध्ये आदेश दिला, आणि तरी चालढकल होतेय म्हटल्यावर २००५ मध्ये कंपनीकडून ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ मध्ये संयंत्र सुरू झालं. चिकूच्या बागा, मासेमारी, वारली पाडे यांच्या जगण्यापासून त्यांनी ‘पर्यावरण’ हा शब्द तोडला नाही. अधिसूचना कशासाठी काढली, हे आधी विचारायचं आणि मग तिचे शब्द लावायचे, अशी ती रीत.

वाढवण बंदराचा प्रस्ताव आला तेव्हा, १९९८ मध्ये, प्राधिकरणानं तो अधिसूचनेत बसतच नाही, म्हणून बेकायदा ठरवला.

पुढे काय झालं? ३ जानेवारी २०१९ ला धर्माधिकारी गेले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं बंदरांना उद्योगांच्या लाल गटातून काढून ‘बिगर-औद्योगिक’ म्हटलं. किनारा तोच, अधिसूचना तीच. बदललं ते एका शब्दाचं वर्गीकरण. आम्हाला हे खटकतं. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं, नव्या अध्यक्षांखाली, अटींसह बंदराला हिरवा कंदील दाखवला. विरोधातल्या याचिका उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळल्या, आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये भूमिपूजन झालं. मच्छीमार संघटनांचा विरोध मात्र त्या दिवशीही होताच.