प्रकल्पाला गुण देताना

मंडळी, परीक्षा जवळ आल्या की अकोल्यात काय न् अमरावतीत काय, स्टेशनरीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं : “दादा, पोट्ट्याचं प्रोजेक्ट आहे, काही तयार असंल तर द्या.” आपण हसतो. पण त्या आईचं काय चुकलं? गुण कशाला मिळतात, हे तिनं बरोबर ओळखलेलं असतं. ही वेळ कशी आली, ते आज थोडं मागे जाऊन बघू.

1918 साली अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी ‘प्रकल्प पद्धती’ हा निबंध लिहिला. ते जॉन ड्यूई यांच्या परंपरेतले. त्यांच्या मते प्रकल्प म्हणजे मुलानं मनापासून, स्वतःच्या हेतूनं केलेलं काम. अडचण इथेच सुरू होते. वस्तू मोजता येते. हेतू कसा मोजायचा?

हाच प्रश्न आपल्या शेजारी वर्ध्याला आला. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समिती नेमली गेली. हस्तोद्योगातून शिक्षण, ही तिची योजना. मूल कापसापासून सूत काढील आणि त्यातूनच गणित, भूगोल शिकेल. पण सुताचे तार मोजता येतात. मुलाला काय उमगलं, ते तसं मोजता येत नाही. समितीला हे माहीत होतं. उत्पन्नाच्या नादात शिक्षण मागे पडण्याचा धोका तिनं अहवालातच नोंदवला, आणि चालू परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असंही म्हटलं.

पुढे शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प आला, तसंच दैनंदिन निरीक्षणही आलं. कल्पना चांगलीच होती : काम चालू असताना शिक्षकानं बघावं. झालं काय, तर नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरल्या जाऊ लागल्या. पट मोठा, कागद फार. सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारू नका.

आता माझी गोष्ट. पदवीच्या वर्गाला पर्यावरण अभ्यास बंधनकारक झाला, तेव्हा प्रकल्प तपासायचं काम माझ्याकडे आलं. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली एक मुलगी होती. विहिरीचं पाणी खारं, मग कोणत्या घरी प्यायचं पाणी कुठून येतं, किती खेपा लागतात, कोण आणतं, हे तिनं साध्या रेघी वहीत लिहून आणलं होतं. अक्षर वाकडंतिकडं, मुखपृष्ठ नाही. शेजारी एका मुलाचा टाइप केलेला, बांधणीचा प्रकल्प. मी त्याला जास्त गुण दिले. नंतर तोंडी घेताना त्याला विचारलं, “क्षार म्हणजे काय रे?” तो गप्प. गुण शाईनं लिहून झाले होते. खोडाखोड नको म्हणून मी ते तसेच ठेवले. तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट होती माझ्याकडे, पण तेवढं धाडस झालं नाही.

त्यानंतर मी आधी तोंडी घ्यायला लागलो. तीनच प्रश्न : तुला काय जाणून घ्यायचं होतं? काम करताना कुठे अडलास? आधी वाटत होतं त्यातलं काय चूक निघालं? विकत आणलेल्या प्रकल्पाला तिसऱ्याचं उत्तर सहसा देता येत नाही. एका मुलामागे पाच मिनिटं लागतात. ती वेळापत्रकात कुठून काढायची, हे इथे बसलेल्या मुख्याध्यापकांनी सांगावं. मी थांबतो.