मेपलचें एक इवलेंसें पान

कॅनडाचें १९४७ सालचें सेंटाचें नाणें भिंगाखालीं धरलें, तर सालाच्या आंकड्याला लागून कधीं कधीं एक इवलेंसें पान दिसतें. दुसऱ्या नाण्यावर तेंच साल असतें, पण पान नसतें. तें इतकें लहान आहे कीं साध्या डोळ्यांना मळाचा कण वाटावा. परंतु तें तेथें येण्याचें कारण आपल्या देशांत घडलें होतें; म्हणूनच आज अशा लहानसान खुणांविषयीं चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

अगोदर नाणें पाडतात कसें तें पाहूं. पोलादाचे दोन ठसे, मध्यें धातूची कोरी चकती, आणि वरून प्रचंड दाब. ठशांत जें खोल कोरलेलें असेल तें नाण्यावर उठून दिसतें. एवढें ध्यानांत ठेवलें तरी नवख्या संग्राहकाचे निम्मे भ्रम दूर होतात. हातोहातीं फिरतांना पडलेला ओरखडा नाण्यांत खोल जातो. उलट ठशालाच तडा गेला तर नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते, आणि त्या ठशाच्या पुढील सर्व नाण्यांवर ती राहते. पहिली दुखापत नाण्याची, दुसरी ठशाची. संग्राहकाला गोडी दुसरीची.

कॅनडा प्रांताचीं पहिलीं सेंट नाणीं १८५८ सालीं लंडनच्या टांकसाळींत पडलीं. व्यास बरोबर एक इंच, आणि शंभर नाण्यांचें वजन एक पौंड. दुकानदारानें तीं वजनें म्हणूनहि वापरावींत असा हिशेब! पुढच्याच वर्षीं आणखी नाणीं पाडण्यांत आलीं. ठशावर सालाचे आंकडे त्या काळीं पोलादी खिळ्यांनीं हातानें ठोकीत. पोलाद कांहीं फुकट येत नाहीं, तेव्हां १८५८ च्या ठशांवरील आठावर नऊ ठोकून ते कामाला लावण्यांत आले. भिंगांतून पाहिलें म्हणजे कांहीं नाण्यांवर नवाच्या पोटांतून जुना आठ डोकावतांना दिसतो. कांहींवर नऊच दोनदां, किंचित् सरकून, ठोकलेला आढळतो. १८७२ सालीं बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळींत पडलेल्या पन्नास सेंटांपैकीं कांहींवर तर ‘व्हिक्टोरिया’ या नांवांतील ‘व्ही’च्या जागीं ‘ए’चा खिळा उलटा ठोकलेला दिसतो. राणीच्या नांवांत चूक करणारा तो कारागीर कोण होता, हें इतिहासाला ठाऊक नाहीं. त्याचा हात मात्र आपल्यापुढें आहे.

ओटावा येथें १९०८ सालीं टांकसाळ उघडली. पण राजाच्या मुखवट्याचे मूळ सांचे लंडनहूनच येत. त्यामुळें दोन प्रसंगीं ओटावाला लंडनकडे डोळे लावून बसावें लागलें. पांचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्यें वारला. आठव्या एडवर्डच्या नाण्यांची तयारी चालू होती, तोंच ११ डिसेंबर रोजीं त्यानें राज्यत्याग केला. सहाव्या जॉर्जचे सांचे यावयास अवधि होता, आणि बाजारांत तर मोड हवी. तेव्हां १९३७ च्या आरंभीं १९३६ चेच ठसे घेऊन, सालाखालीं बारीक ठिपका करून, एक, दहा व पंचवीस सेंटांचीं नाणीं पाडलीं. मुखवटा वर्षापूर्वीं मेलेल्या राजाचा, साल सरलेलें. खरें काय तें तो ठिपकाच सांगतो. पंचवीस सेंटांवरील ठिपका शोधल्यास सांपडतो, परंतु एक व दहा सेंटांचीं अशीं नाणीं बोटांवर मोजण्याइतकींच ज्ञात आहेत. म्हणून ठिपका दिसतांच हुरळून जाऊं नये. गंजाचा फोडहि तसाच दिसतो, आणि लबाडहि कांहीं थोडे नाहींत.

आतां आपलें पान. सहाव्या जॉर्जच्या मुखवट्याभोंवतीं लॅटिनमध्यें त्याच्या पदव्या असत. त्यांतील अखेरचे दोन त्रोटक शब्द, ‘इंड: इंप:’, म्हणजे हिंदुस्थानचा बादशहा. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं त्या शब्दांतला अर्थ गेला. ते गाळलेले नवे सांचे लंडनहून यावयास विलंब लागला, १९४८ साल उजाडलें, आणि मोडीची निकड पुन्हा तीच. ओटावानें सालाचा आंकडा १९४७ च ठेवला व त्यापुढें मेपलचें पान कोरलें. सेंटापासून डॉलरपर्यंत सर्व नाण्यांवर तें आहे. त्याचा अर्थ एवढाच कीं, हें नाणें वस्तुतः १९४८ चें. (त्याच वर्षांच्या डॉलरवरील साताचें टोंक कांहींवर अणकुचीदार, कांहींवर बोथट असतें. त्यावर रात्री घालविणारे लोक आहेत; मला स्वतःला पानापुढें त्या टोंकाचें तितकेंसें अप्रूप वाटत नाहीं.)

नवे सांचे आले तेव्हां १९४८ चें बरेंच वर्ष उलटून गेलें होतें. त्या सालाचा आंकडा असलेले चांदीचे डॉलर अवघे १८,७८० निघाले, आणि त्यांवर ‘इंड: इंप:’ नाहीं. त्याच वर्षीं २२ जून रोजीं राजानें ती पदवी रीतसर सोडली. आपल्याकडे मात्र बादशहाच्या मुखवट्याचे रुपये चालूच होते. अशोकस्तंभावरील सिंहांचीं आपलीं नवीं नाणीं निघालीं तीं १५ ऑगस्ट १९५० रोजीं.