वतन सोडून वतन

मराठी बायबलमध्ये ‘वतन’ हा शब्द जागोजागी भेटतो. देवाने भक्तांना द्यायचे म्हणून जे काही राखून ठेवले आहे, अगदी सार्वकालिक जीवनसुद्धा, त्याला तिथे वतन म्हटले आहे. भाषांतर करणाऱ्यांना मराठी मन चांगले ठाऊक असले पाहिजे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसाठी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या भाऊबंदकी चालली, महजर झाले, प्रसंगी रक्तही सांडले. वतन म्हणजे नुसते उत्पन्न नव्हते. गावातला मान, होळीच्या पोळीचा हक्क, पूर्वजांशी असलेले नाते, सारे त्यात येत होते. अशा समाजाला नव्या धर्माने सांगितले, की माणसाचे खरे वतन मरणापलीकडे आहे आणि त्यासाठी इथले सोडावे लागले तर सोडावे. एकोणिसाव्या शतकात काही मराठी माणसांनी हे सांगणे अक्षरशः मानले. त्यांची श्रद्धा किती खरी होती याचा पुरावा प्रवचनांपेक्षा वाटणीच्या हिशेबात अधिक स्वच्छ सापडतो, असे माझे म्हणणे आहे.

तो हिशेब समजण्यासाठी त्या काळचा कायदा पाहावा लागतो. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. पण जो पतित झाला, त्याला वाटा नसे. बाप्तिस्मा घेतलेला मुलगा पतितच ठरे. घरचे लोक त्याच्या नावाने घट फोडत आणि तो जिवंत असतानाच त्याचे क्रियाकर्म उरकत. मेलेल्याला वाटणी कुठली? कंपनी सरकारने १८३२ मध्ये बंगालपुरता या नियमाला धक्का दिला आणि १८५० च्या २१ व्या कायद्याने आपल्या साऱ्या मुलखात असे ठरवले, की धर्म सोडला किंवा जातीने वाळीत टाकले एवढ्या कारणाने कोणाचा वारसा बुडणार नाही. कलकत्ता आणि मद्रासकडच्या हिंदूंनी याविरुद्ध अर्ज केले. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. जो पिंड देतो तो धन घेतो, ही शास्त्राची जुनी सांगड होती. पिंड न देणाऱ्याला धन का द्यावे, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने न्यायाचाच होता. पण याच युक्तिवादातून एक गोष्ट उघड होते. १८५० पूर्वी मराठी मुलखात बाप्तिस्मा घेणारा माणूस घर, शेत आणि पूर्वजांचा वारसा यांवर पाणी सोडत होता, आणि हे त्याला आधीच ठाऊक होते.

मुंबईत १८३९ साली मिशनरी जॉन विल्सन यांच्या हातून धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि शहर ढवळून निघाले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, तर तेवढ्यावरूनही केवढा गहजब झाला. मिशनऱ्यांच्या पंगतीला बसलेल्या पोरालाही परतीची वाट इतकी अवघड होती, तर स्वेच्छेने गेलेल्या थोरल्या भावासाठी ती कायमची मिटली होती, हे वेगळे सांगायला नको. बेळगावच्या कासार घराण्यातले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. तोवर नवा कायदा होऊन चार वर्षे लोटली होती. पण कायदा फार तर वाटा मिळवून देतो. उंबरठा, पंगत आणि आईच्या हातचे जेवण कोणत्याही कोर्टाच्या हुकमाने परत मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे: हे लोक वतन सोडून मिशनच्या पगारावर गेले, त्यात त्याग कसला? आक्षेपात तथ्य आहे. मिशनने शाळा दिल्या, नोकऱ्या दिल्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, आणि पोटाची आग व मनाची ओढ यांना तिथे वेगळे करता येत नाही. ते करूही नये. ज्यांना गावाने विहिरीचे पाणी नाकारले, त्यांनी भाकरी आणि माणुसकी एकाच दारी मागितली तर त्यांची श्रद्धा खोटी ठरत नाही. पण आक्षेपाचे पुरते उत्तर नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन त्यांनी जातीची प्रतिष्ठा सोडली. पुढे १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. लोभाने आलेला माणूस लाभ हाती असताना तो टाकून जात नाही. टिळकांच्या कवितेवर तुकोबांचा ठसा आहे, तो केवळ अभंगाच्या छंदाचा नव्हे. कर्जखते इंद्रायणीत बुडवणाऱ्या वाण्याची परंपरा त्यांच्या रक्तात होती.

उलटी बाजू गोव्यात दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीने धर्मांतर करणाऱ्यांना वारसाहक्कात सवलती दिल्या. जिथे बाप्तिस्म्याने जमीन राखता येते, तिथे मनातली श्रद्धा पारखायला इतिहासकाराकडे कसोटी उरत नाही. ती कसोटी तिथे दुसऱ्यांना लागू पडली: मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला घेऊन जाणाऱ्या हिंदूंना. त्यांनी जमिनी मागे टाकल्या आणि देव सोबत नेला. शेषाद्रींनी जे केले त्याचीच ही दुसरी बाजू आहे, आणि दोन्हींना एकाच मापाने मान दिला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. परलोकासाठी त्याग करणाऱ्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यानेच मोजली. लक्ष्मीबाई टिळकांना न विचारता नवऱ्याने धर्म बदलला आणि त्यांनी काही वर्षे विरहाची व अपमानाची काढली. १९०० मध्ये त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या, तरी त्या वर्षांचे देणे फिटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही. सार्वकालिक वतनाच्या कोणत्याही गौरवात ही नोंद असलीच पाहिजे. मात्र अशा श्रद्धेने माणूस जगाकडे पाठ फिरवतो, हा आरोप टिकत नाही. पंडिता रमाबाईंच्या आईवडिलांनी तीर्थयात्रा आणि दानधर्मात सारे धन संपवले होते. दारिद्र्य आणि उपासमार रमाबाईंनी स्वतः भोगली होती. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १९०७ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धेची साक्ष लिहिली, ती एका अक्षय ठेव्याची साक्ष म्हणून. पण त्या ठेव्याचे व्याज त्यांनी इथेच वाटले: केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुली आणि विधवांना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळाले. मालमत्ता त्यांनी तुच्छ मानली नाही. तिला मालकिणीच्या जागेवरून उठवून कामाला लावले.

म्हणून निवाडा असा: श्रद्धा मालमत्तेपेक्षा मोठी आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने त्याची किंमत स्वतःच्या वाट्यातून मोजली. आज वाटणीपत्रावरून भावाभावांचे बोलणे तुटलेले मराठी घर शोधायला लांब जावे लागत नाही. ते ख्रिस्ती असो वा हिंदू. त्या घरात शेषाद्री, टिळक आणि रमाबाई यांची आठवण धर्मांतराचा वाद उकरण्यासाठी नको, तर सात-बाऱ्यावर ज्याची नोंद होत नाही असेही एक वतन असते, एवढे ध्यानात राहण्यासाठी हवी.