डेल्फ्टच्या नगरभवनात परदेशी जोडीदार

डेल्फ्टच्या बाजारचौकात दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत. पूर्वेला नवे चर्च, त्याच्या तळघरात नेदरलँड्सच्या राजघराण्याची दफनभूमी. पश्चिमेला लाल झडपांच्या खिडक्यांचे नगरभवन. १६१८ साली लागलेल्या आगीत जुने नगरभवन जळाले. हेंड्रिक डी कायसर या वास्तुकाराने दोन वर्षांत नवे उभे केले आणि आगीतून वाचलेला तुरुंगाचा दगडी मनोरा तसाच त्याच्या पाठीशी ठेवला. डच कायद्याच्या दृष्टीने लग्न लागते ते पश्चिमेकडच्या या इमारतीत. पूर्वेकडचा विधी ज्याला हवा त्याने नंतर करावा. नोंदणी अधिकाऱ्यापुढे लग्न झाल्याचे दाखवल्याशिवाय धर्मगुरूने धार्मिक लग्न लावू नये, असे तिथली दिवाणी संहिता बजावते. राजपुत्रही याला अपवाद नाही. २४ एप्रिल २००४ रोजी योहान फ्रिसो आणि माबेल विसे स्मित आधी या नगरभवनात गेले, सह्या केल्या आणि मग शहरातल्याच दुसऱ्या, जुन्या चर्चची वाट धरली.

आज याच शहरात मराठी मुलेमुली तंत्रज्ञान विद्यापीठात शिकायला येतात. कुणाला इथेच नोकरी लागते, कुणाचे जोडीदाराशी इथेच जमते, आणि मग पुण्याच्या किंवा सांगलीच्या घरी जन्मदाखल्याची शोधाशोध सुरू होते. या कागदांमागे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात परक्या माणसाला दार लवकर उघडल्याची गोष्ट आहे, आणि त्या दारातून आत येण्याची किंमत बहुतेक वेळा बाईने मोजल्याचीही.

सुरुवात १५८० ची. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पुकारलेल्या हॉलंड प्रांताने त्या वर्षीच्या १ एप्रिलला एक फर्मान काढले. लग्नाआधी सलग तीन रविवारी किंवा तीन बाजारच्या दिवशी जाहीर घोषणा व्हावी आणि मग लग्न एकतर सुधारित पंथाच्या चर्चमध्ये किंवा शहराच्या न्यायपंचांपुढे लागावे, असे त्यात ठरवले. पंचविशीच्या आतल्या मुलाला आणि विशीच्या आतल्या मुलीला आईवडिलांची संमती आवश्यक केली. युरोपात नागरी विवाहाला कायद्याचे स्थान देणारी ही अगदी आरंभीची व्यवस्था होय. बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम डेल्फ्टमध्येच राहायचा आणि १५८४ साली तिथेच त्याचा खून झाला. त्याच्या चार बायकांपैकी शेवटच्या दोघी, शार्लोट आणि लुईझ, फ्रान्सच्या होत्या.

फर्मान काढणाऱ्यांना उदारपणाचे श्रेय फार देता येणार नाही. कॅथलिक, लुथरपंथी, मेनोपंथी, ज्यू या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या धर्मगुरूंकडे सोडायचे नव्हते आणि सगळ्यांना एका चर्चमध्ये ढकलणेही शक्य नव्हते. म्हणून नगरभवनाचा मार्ग निघाला. पण मार्ग निघाला तो निघालाच. १५८५ साली अँटवर्प स्पॅनिश फौजांच्या हाती पडल्यावर दक्षिणेतून हजारो निर्वासित हॉलंडच्या शहरांत आले. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीने १६२१ ते १६३५ या काळात डेल्फ्टमध्ये ठाण मांडले. स्कॉटिश शिपाई होतेच. अशा शहरात लग्नाच्या नोंदवहीत माणूस कुठून आला हे लिहिण्याला मोठा अर्थ होता. बाहेरून आलेल्याला आपल्या गावाहून तो मोकळा आहे, त्याची मागे बायको नाही, असा दाखला आणावा लागे. आजच्या अविवाहित असल्याच्या दाखल्याचा हा थेट पूर्वज.

चित्रकार योहानेस व्हर्मीरचे घर या मिसळलेल्या शहराचे उत्तम उदाहरण आहे. त्याची आई डिग्ना अँटवर्पची, म्हणजे तेव्हाच्या स्पॅनिश मुलखातली. त्याचे स्वतःचे लग्न तर धर्माच्या सीमेवरून झाले. १६५३ च्या एप्रिलमध्ये त्याला कातारिना बोल्नेसशी लग्न करायचे होते. ती कॅथलिक, तो सुधारित पंथात वाढलेला. चित्रकार लेओनार्ट ब्रामर आणि एक कॅप्टन, असे दोघे मध्यस्थ होऊन मुलीच्या आईकडे, मारिया तिन्सकडे, संमतीची सही मागायला गेले. तिने सही केली नाही. मात्र घोषणा झाल्या तर आपण आडवे येणार नाही, एवढे कबूल केले. नोटरीने तसे लिहून घेतले आणि तेवढ्यावर काम झाले. ५ एप्रिलला डेल्फ्टमध्ये नोंद झाली आणि २० एप्रिलला शेजारच्या स्खिपलाउदेन गावी लग्न लागले. नाराज आई, समजूत घालायला गेलेले वडीलधारे आणि ‘सही नाही, पण विरोधही नाही’ हा तोडगा मराठी वाचकाला परका वाटू नये.

१६९५ मध्ये हॉलंडने लग्न आणि दफन या दोन्हींवर कर बसवला. ऐपतीप्रमाणे तीस, पंधरा, सहा किंवा तीन गिल्डर, गरिबाला माफी. त्यामुळे नोंदी अधिक काटेकोर झाल्या.

याच शहराचे दुसरे तोंड समुद्राकडे होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टची. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती आणि तिचे पडके अवशेष आजही दिसतात. कंपनीचे नोकर आशियात वर्षानुवर्षे राहत, तिथल्या बायकांशी संसार मांडत. कंपनीला हे काही अंशी हवेही होते. लग्नाला परवानगी लागे, बायकोने ख्रिस्ती असणे आवश्यक असे, आणि आशियाई बायकोच्या नवऱ्याला मायदेशी परतण्यावर बंधने होती. म्हणजे लग्न मान्य, पण ते तिकडेच ठेवा.

या व्यवस्थेत एका बाईवर काय गुदरले, त्याची तपशीलवार हकीकत शिल्लक आहे. कॉर्नेलिया व्हान नाएनरोडे जपानमधल्या हिरादो बेटावर डच बाप आणि जपानी आईच्या पोटी जन्मली. कंपनीच्या आशियातल्या मुख्य ठाण्यात, बटाव्हियात (आजचे जकार्ता), तिचे लग्न कंपनीचा वरिष्ठ व्यापारी पिटर क्नोल याच्याशी झाले. याकोब कूमनने १६६५ साली काढलेले या कुटुंबाचे चित्र आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात ती नवऱ्याच्या शेजारी, दोन मुलींसह, भारी वस्त्रांत उभी दिसते. १६७२ मध्ये क्नोल वारला. श्रीमंत विधवेने चार वर्षांनी योहान बिटर या वकिलाशी लग्न केले. हॉलंडच्या कायद्याप्रमाणे बायकोच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हाती जाई. बिटरने तो हक्क बजावायला सुरुवात केली आणि कॉर्नेलियाने त्याच्याशी वर्षानुवर्षे झुंज दिली. खटला बटाव्हियातून हॉलंडला गेला, तशी तीही आयुष्याच्या उतरणीवर जहाजातून त्या न पाहिलेल्या देशात गेली. डेल्फ्टपासून तासा-दोन तासांच्या चालीवर असलेल्या हेगच्या न्यायालयाने १६९१ साली निकाल दिला. तिने नवऱ्यासोबत नांदावे आणि तिच्या मालमत्तेच्या उत्पन्नातला अर्धा वाटा त्याला मिळावा. ज्या कायद्याने तिला नवऱ्याच्या देशाचे मानले, त्याच कायद्याने तिची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात दिली. विवाहित बाईला कायद्याने असमर्थ मानणारे डच कलम १९५६ च्या कायद्याने रद्द झाले. कॉर्नेलियाच्या निकालानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी.

नेपोलियनने १८१० मध्ये नेदरलँड्स फ्रान्सला जोडून घेतला आणि पुढच्याच वर्षी नागरी नोंदणी देशभर पसरली. तेव्हापासून नगरभवनातले लग्न हेच एकमेव कायदेशीर लग्न ठरले. १८१३ मध्ये फ्रेंच गेले, ही पद्धत राहिली.

त्याबरोबर आलेली एक कल्पना मात्र कुणाला फारशी खटकली नाही. कुटुंबाचे राष्ट्र एकच असावे आणि ते नवऱ्याचे असावे, ही ती कल्पना. १८९२ च्या डच नागरिकत्व कायद्याने तिला पक्के केले. डच पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाई आपोआप डच होई. परदेशी पुरुषाशी लग्न करणारी डच बाई आपोआप परदेशी. डेल्फ्टच्या नगरभवनात एखादी मुलगी ‘हो’ म्हणे, आणि त्या एका शब्दानिशी आपल्याच शहरात उपरी होई.

१९३० च्या दशकात डेल्फ्टजवळच्या रॉटरडॅम बंदरात अनेक चिनी खलाशी मंदीमुळे अडकून पडले होते. रस्त्यावर शेंगदाण्याच्या वड्या विकून ते पोट भरत. त्यांच्याशी लग्न केलेल्या डच मुली कायद्याने परक्या ठरल्या, आणि नवऱ्याला देशाबाहेर घालवले की त्यांच्या डोक्यावरही तीच तलवार. जर्मनांशी लग्न केलेल्या डच बायका महायुद्धानंतर शत्रूराष्ट्राच्या नागरिक ठरल्या आणि त्यांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या. राजघराण्यात उलटी अडचण होती, कारण बायकोमुळे नवऱ्याला नागरिकत्व मिळत नसे. पुढे राणी झालेल्या युलियानाचे पती बर्नहार्ड आणि तिच्यानंतरची राणी बेआट्रिक्स हिचे पती क्लाउस, दोघेही जर्मन. दोघांनाही लग्नाआधी खास डच करून घ्यावे लागले. १९६६ मध्ये क्लाउसच्या लग्नात आम्सटरडॅमच्या रस्त्यावर धुराचे बॉम्ब फुटले. २००२ मध्ये त्यांचे दफन डेल्फ्टच्या नव्या चर्चमध्ये, नगरभवनाच्या अगदी समोर, मोठ्या सन्मानाने झाले.

१८९२ च्या त्या कलमाचा जाच १९६४ मध्ये संपला. त्यानंतर परदेशी माणसाशी लग्न करूनही डच बाई डच राहू लागली.

डेल्फ्टमध्ये १८४२ साली स्थापन झालेल्या अकादमीत अभियंत्यांबरोबर डच ईस्ट इंडीजचे, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे, प्रशासकही घडवले जात. त्या वसाहतीसाठी १८९८ मध्ये मिश्र विवाहांचा वेगळा नियम झाला. धर्म, वंश किंवा कूळ वेगळे असणे हा लग्नाला अडथळा ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मात्र बायको कायद्याच्या बाबतीत नवऱ्याच्या गटात जाई, हेही त्यातच होते. त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा विशेष विवाह कायदा लागू होता. त्याखाली लग्न करू पाहणाऱ्या दोघांनाही आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही, असे लिहून द्यावे लागे. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत सूट मिळाली. धर्म न नाकारता कुणालाही कुणाशी नागरी लग्न करता येण्यासाठी १९५४ चा कायदा यावा लागला.

त्या आधीच्या दिवसांत विदेशी वधू घरात आणायची तर वाट धर्मातूनच जाई. इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी १९२८ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी मिलरशी लग्न केले, तेव्हा शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नाशकात तिला हिंदू करून घेतले. एका धनगर कुटुंबाने तिला मुलगी मानून पदरात घेतले आणि बडवाहला शर्मिष्ठादेवी म्हणून तिचे लग्न लागले. मराठी मुलखात या लग्नाची चर्चा बराच काळ चालली. सही करायला टेबल नव्हते, म्हणून आधी धर्म, मग कूळ, मग जात मिळवून द्यावी लागली.

आज डेल्फ्टच्या नगरपालिकेकडे लग्नाचा इरादा कळवायचा आणि किमान चौदा दिवस थांबायचे. शतकानुशतके चाललेली लग्नापूर्वीच्या अधिकृत घोषणेची जुनी पद्धत २०१५ मध्ये बंद झाली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानुसार नोटीस कार्यालयात दिसेल अशी लावून तीस दिवस हरकतींची वाट पाहिली जाते. १५८० च्या हॉलंडमधल्या तीन घोषणांशी तिचे नाते उघड आहे. घरच्यांपासून लपून लग्न करणाऱ्या जोडप्यांना ती आजही धोक्यात घालते.

मराठी जोडीदाराची खरी दमछाक जन्मदाखल्यापाशी होते. आपल्याकडच्या नगरपालिकांच्या जुन्या दाखल्यांत अनेकदा बाळाचे नावच नसते, नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. नाव आधी चढवून घ्यायचे, मग राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारा शिक्का. मजकूर नुसता मराठीत असेल तर शपथबद्ध अनुवादकाचे भाषांतरही. वडिलांचे नाव मधले की आडनावाचा भाग, हा खुलासा वेगळा. लग्नाच्या वेळी डच न समजणाऱ्याला दुभाषी लागतो. शिवाय हे लग्न निव्वळ राहण्याच्या परवान्यासाठी नाही, असे दोघांनी जाहीर करायचे. खोट्या लग्नांचा संशय डच कायद्यात १९९४ पासून शिरला आहे. २००६ पासून भारतातून येणाऱ्या जोडीदाराला निघण्याआधीच डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. पूर्वी धर्मावर असलेली नजर आता राहण्याच्या हक्कावर आली आहे. प्रेमात पडलेल्या माणसांना आपले प्रेम खरे असल्याचे सरकारला लिहून द्यावे लागणे हे जड आहे, आणि त्याची टोचणी नगरभवनातल्या प्रसन्न समारंभाने जात नाही.

एक गोष्ट मात्र पूर्ण बदलली आहे. डच जोडीदाराशी लग्न करून मराठी मुलगी किंवा मुलगा आपोआप डच होत नाही. लग्नाला आणि सहवासाला तीन वर्षे झाली की अर्ज करता येतो. डच कायदा अशा जोडीदाराला जुने नागरिकत्व सोडायला लावत नाही, पण भारतीय कायदा दुसरे स्वीकारताच पहिले काढून घेतो. त्यामुळे कुणी अर्ज करून भारताचे परदेशस्थ नागरिक म्हणून कार्ड घेतात, कुणी भारतीय पासपोर्टच ठेवतात. निर्णय ज्याचा त्याचा.

मुलांचा हिशेब याहून उशिरा मिटला. डच आई आणि परदेशी बाप असलेल्या मुलाला आईकडून नागरिकत्व मिळण्याची सोय १९८५ च्या कायद्याने केली. त्याआधी जन्मलेल्यांना ते घेण्यासाठी १९८७ अखेरपर्यंत मुदत होती. अनेकांपर्यंत ही बातमी पोचलीच नाही आणि ती हुकली. १ ऑक्टोबर २०१० पासून अशा राहून गेलेल्या मुलांना, आता प्रौढ झालेल्या माणसांना, आईच्या नावावर डच नागरिकत्व मागण्याची वाट कायद्याने पुन्हा खुली केली.