संरक्षण कोणाचे? दोन महायुद्धांमधील ब्रिटिश व्यापारधोरण आणि करवीर संस्थानातील ऊस, सूत व रुपया

प्रास्ताविक

पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या (१९१९-१९३९) ब्रिटिश आर्थिक धोरणाचा विचार करताना मँचेस्टर, मुंबई व कलकत्ता या शहरांचीच चर्चा प्रामुख्याने होते. करवीर संस्थानातील पेठ वडगावसारख्या बाजारगावाचा या धोरणाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या परिसरातील ऊस, इचलकरंजीच्या मागावरील सूत आणि शेतसारा भरण्यासाठी लागणारा रुपया या तिन्हींचे मोल लंडन व दिल्ली येथील निर्णयांशी बांधलेले होते. या काळात हिंदुस्थानातील उद्योगांना जे संरक्षण मिळाले, ते जेथे ब्रिटनला स्वतः काही गमवावे लागत नव्हते तेथेच सढळ हाताने मिळाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोल्हापूर परिसराच्या आधारे ते तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

धोरणाची चौकट

युद्धाने ब्रिटनची निर्यात खिळखिळी केली. १९२५ साली पौंड युद्धपूर्व दराने पुन्हा सुवर्णाशी जोडण्यात आला आणि त्यामुळे ब्रिटिश माल परदेशी ग्राहकाला आणखी महाग झाला. सप्टेंबर १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण सोडावे लागले. १९३२ च्या आयात जकात कायद्याने तर मुक्त व्यापाराचे जुने तत्त्वच निकालात निघाले आणि त्याच वर्षी ओटावा येथे साम्राज्यांतर्गत सवलतींचे करार झाले. हिंदुस्थानच्या बाबतीत जकातविषयक स्वायत्ततेचा संकेत रूढ झाला होता. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९२२ साली ‘विवेचक संरक्षणा’ची शिफारस केली व १९२३ मध्ये जकात मंडळ स्थापन झाले. परंतु युद्धोत्तर काळात सरकारी तिजोरीला पैशाची निकड होती. अनेक जकाती उद्योगांसाठी नव्हे, तर महसुलासाठी वाढल्या, हे विसरून चालणार नाही.

संस्थानी प्रजेची स्थिती याहून चमत्कारिक होती. करवीर संस्थानाला बंदर नाही. मुंबई बंदरात उतरलेल्या साखरेवरील वा कापडावरील जकात किमतीत मिसळून पेठ वडगावच्या गिऱ्हाइकाकडून वसूल होई, पण ती रक्कम जमा होई हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत. या उत्पन्नात वाटा मिळावा ही संस्थानांची मागणी बटलर समितीपुढे (१९२७-२९) मांडली गेली. मध्यवर्ती कायदेमंडळात संस्थानी प्रजेचा प्रतिनिधी नव्हता, म्हणजे कर होता आणि आवाज नव्हता.

रुपयाचा दर

हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीनुसार १९२७ साली रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरविण्यात आला. युद्धापूर्वी तो १ शिलिंग ४ पेन्स होता. आयोगाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुन्या दराचा आग्रह धरला होता. वरवर पाहता दोन पेन्सांचा हा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु परदेशात १८ पेन्सांना विकल्या जाणाऱ्या भुईमुगाचे वा कापसाचे जुन्या दराने १ रुपया २ आणे झाले असते. नव्या दराने एकच रुपया झाला. उलट, विलायती माल तेवढ्याच प्रमाणात स्वस्त झाला. सारा व सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले राहिले. करवीरचे स्वतःचे नाणे एकोणिसाव्या शतकातच बंद झालेले असल्याने संस्थानाला येथे काही करता येण्यासारखे नव्हते.

त्यावर मंदी आली. कलकत्त्याचा घाऊक किमतींचा निर्देशांक (१९१४ = १००) १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३३ मध्ये ८७ वर उतरला; शेतमालाची घसरण त्याहून अधिक होती. पौंडाने सुवर्ण सोडले तरी रुपया पौंडालाच बांधून ठेवण्यात आला. सोन्याचा भाव वाढताच घरोघरचे दागिने सराफाकडे आणि तेथून लंडनकडे निघाले. पुढील काही वर्षांत तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये मांडलेल्या अकरा मागण्यांत १ शिलिंग ४ पेन्सचा दर व शेतसाऱ्यात निम्मी कपात या दोन्ही मागण्या होत्या. त्यांचा परस्परसंबंध शेतकऱ्याला अर्थशास्त्राच्या ग्रंथाविना कळत होता.

सुताची दुहेरी जकात

मुंबईच्या गिरण्यांवरील उत्पादनकर १९२६ साली कायमचा रद्द झाला, ही गोष्ट स्वागतार्हच होती. परंतु १९२७ मध्ये आयात सुतावर पौंडामागे किमान दीड आणा जकात बसली. गिरणीला ते संरक्षण होते, तर सूत विकत घेऊन विणणाऱ्याला तो भुर्दंड होता. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून तेथे उभा राहत असलेला धंदा दुसऱ्या वर्गात मोडत होता. कापडाच्या बाबतीत १९३० पासून ब्रिटिश मालावर १५ व इतर परदेशी मालावर २० टक्के असा उघड भेद करण्यात आला. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत चढली, तिचा रोख जपानवर होता. त्याच वर्षीच्या लीस-मोदी कराराने लँकेशायरची सवलत मुंबईच्या गिरणीमालकांनीही मान्य केली. कापडाला दिलेल्या या संरक्षणात लँकेशायरसाठी दार अर्धे उघडेच ठेवलेले होते.

साखर: जावाचे नुकसान

साखरेच्या बाबतीत असा संकोच दिसत नाही, कारण येथे प्रतिस्पर्धी डच जावा होता. १९२५ साली ब्रिटनने आपल्या घरच्या बीट-साखरेला अनुदान देण्याचा कायदा केला होता, हे लक्षात घेता मुक्त व्यापाराचे तत्त्व आड येण्याचेही कारण उरले नव्हते. हिंदुस्थानातील आयात जकात १९३० मध्ये हंड्रेडवेटला ६ रुपये, १९३१ मध्ये ७ रुपये ४ आणे आणि सप्टेंबर १९३१ च्या अधिभारासह ९ रुपये १ आणा झाली. हे सर्व तिजोरीसाठी. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने ७ रुपये ४ आणे हाच दर संरक्षक ठरविला. महसुली जकातीलाच संरक्षणाचे नाव मिळाले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

परिणाम मात्र विलक्षण झाला. १९३१-३२ मध्ये देशात ३२ आधुनिक कारखाने होते; पाच वर्षांत ते १३० च्या वर गेले. दख्खनमध्ये रावळगाव, वालचंदनगर व माळीनगर हे कारखाने या लाटेतील. कोल्हापूरनजीक कसबा बावडा येथील कारखानाही त्याच दशकातला. जावाच्या साखरेला दार बंद झाले, पण जावाचे पी.ओ.जे. २८७८ हे ऊसाचे वाण मात्र दख्खनमध्ये येऊन जुन्या पुंड्या ऊसाची जागा घेऊ लागले!

शेतकऱ्याला यातून काय मिळाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे. ऊसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार देणारा कायदा १९३४ मध्ये झाला व त्याचा वापर प्रामुख्याने संयुक्त प्रांत आणि बिहार येथे झाला. दख्खनमधील कारखान्यांची भिस्त बव्हंशी स्वतःच्या मळ्यांवर होती. करवीर परिसरातील बहुसंख्य ऊस गुऱ्हाळात जाई. शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरी पेठेतून गूळ गुजरातपर्यंत पोहोचे. गुळाला थेट संरक्षण नव्हते, तसा त्याच्यावर करही नव्हता. साखर महाग राहिल्याने त्याला जो आडोसा मिळाला, तो मंदीत बहुधा कामी आला असावा. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग व शाहूपुरीची अडत हाताशी असलेल्या या भागात ऊस टिकून राहिला, याचे एक कारण येथे शोधता येईल.

सरकारने दिलेले काही प्रमाणात परतही घेतले. आयात घटली तशी जकात बुडाली. ती भरून काढण्यासाठी १९३४ मध्ये कारखानी साखरेवर हंड्रेडवेटला १ रुपया ५ आणे उत्पादनकर बसला व १९३७ मध्ये तो २ रुपये झाला. त्याच वर्षी लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय साखर करारान्वये बर्मा वगळता इतरत्र समुद्रमार्गे साखर न पाठविण्याचे बंधन हिंदुस्थानने पाच वर्षांसाठी पत्करले. देशात गरजेपुरती साखर नुकतीच होऊ लागली असताना बाहेरची वाट बंद झाली.

१९३९ साली माधवराव बागल यांच्या पुढाकाराने करवीर संस्थानात प्रजा परिषद स्थापन झाली. तिच्या चळवळीत शेतसारा कमी करण्याची मागणी अग्रभागी होती. सारा कमी करणे दरबाराच्या हातात होते. रुपयाचा दर त्याच्याही हातात नव्हता आणि तो १ शिलिंग ६ पेन्सवरच राहिला.