महापुराचा शोध आणि एक प्रांजळ कबुली

हजरत नूह यांच्या काळातील महापुराची हकिकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बायबलातही ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील काही विद्वानांनी बायबलात सांगितलेला पूर खरोखर घडला असे मानून त्या पुराच्या खुणा जमिनीत शोधल्या.

ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड हे धर्मोपदेशकही होते. १८२१ साली यॉर्कशायरमधील कर्कडेलच्या गुहेत तरस, हत्ती, गेंडे यांची हाडे सापडली. ती पुराने वाहून आलेली नसून तरसांनी आत ओढून आणून चावलेली आहेत, हे बकलंड यांनी दाखवून दिले. मात्र त्यांवरील चिखल जगबुडीचाच, असे १८२३ च्या ग्रंथात त्यांनी मांडले. केंब्रिजचे अॅडम सेजविक यांचेही मत तसेच होते.

पुढे निरनिराळ्या ठिकाणचे वाळू-गोट्यांचे थर एकाच काळातील नाहीत, असे आढळले. १८३१ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात सेजविक यांनी आपली चूक जाहीरपणे मान्य केली. १८३६ साली बकलंड यांनीही आपले मत बदलले. १८४० मध्ये लुई अगासी यांच्यासमवेत स्कॉटलंडमध्ये फिरताना त्यांना पटले, की यांतील पुष्कळशा खुणा प्राचीन हिमनद्यांच्या आहेत.

दोघांनीही धर्म सोडला नाही. बकलंड तर १८४५ मध्ये वेस्टमिन्स्टरचे डीन झाले. चूक ठरला होता तो त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी पुरावा पाहून "माझे चुकले" म्हणाली, तर रागावू नका. विद्येची खरी सुरुवात तेथेच होते.